ऑनलाइन कोर्स बनवताना अजाइल खरंच चालतं का?

तिफण

नमस्कार मंडळी. लातुरात आमची पाच जणांची छोटी टीम आहे. शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी मराठीतून ऑनलाइन कोर्स बनवतो. सध्या सोयाबीनचा कोर्स हातात आहे. बियाण्यापासून काढणीनंतरच्या साठवणुकीपर्यंत १२ पाठ. प्रत्येक पाठात व्हिडिओ, थोडा मजकूर आणि चार-पाच प्रश्न. शिकणारे म्हणजे गावातले गटप्रमुख, कृषी सेवा केंद्रात काम करणारी पोरं आणि बचत गटाच्या महिला. बहुतेक सगळे मोबाइलवरच बघणार.

काम देणाऱ्यांनी यंदा सांगितलं की सगळं अजाइल पद्धतीनं करायचं, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांसारखं थोडं थोडं करून दाखवत आणि सुधारत जायचं. दोन आठवड्यांचे स्प्रिंट (कामाच्या ठरावीक फेऱ्या), रोज सकाळी १५ मिनिटं उभ्यानं मीटिंग, बोर्डावर चिठ्ठ्या, स्प्रिंट संपला की डेमो. ऐकायला बरं वाटलं. पण आमचे विषयतज्ज्ञ सर निवृत्त प्राध्यापक आहेत, माणूस देव. त्यांचं म्हणणं, "पूर्ण संहिता एकदाच आणून द्या, मी निवांत बसून बघतो. तुकडे पाठवू नका." त्यामुळे स्प्रिंट संपायला येतो तेव्हा बोर्डावरच्या सगळ्या चिठ्ठ्या 'तज्ज्ञांकडे' या एकाच रकान्यात लटकलेल्या. डेमोला दाखवायला काय, तर आवाज नसलेलं ॲनिमेशन. आणि सकाळच्या मीटिंगमध्ये रोज एकच वाक्य, "सरांचा फोन नाही आला."

दुसरी अडचण व्हिडिओची. सॉफ्टवेअरमध्ये चार ओळी बदलल्या की काम झालं. इथं एक वाक्य बदलायचं तर परत स्टुडिओ, परत निवेदिका, परत बिल.

कोणी कोर्स बनवताना हे वापरलंय का? यातलं काय घ्यावं, काय सोडावं? आणि सोडायचं तर काम देणाऱ्याला सांगावं कसं?

खवापोळी

शेंगा आणि गूळ घेऊन बसलोय. येऊ द्या.

मु_पो_जिंतूर

तिफण, मी पोटापाण्यासाठी पुण्यात सॉफ्टवेअरच करतो, म्हणून थोडं मुळाकडे जातो. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथं १७ जण जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यात चार मूल्यं आणि बारा तत्त्वं आहेत. स्प्रिंट, चिठ्ठ्यांचा बोर्ड, उभ्यानं मीटिंग यातलं काहीही त्या जाहीरनाम्यात नाही. स्प्रिंट आणि रोजची भेट आली स्क्रम नावाच्या कामाच्या पद्धतीतून. ते याच्याही आधीचं. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी १९९५ मध्ये एका परिषदेत मांडलेलं. आणि स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही स्प्रिंट 'एक महिना किंवा त्याहून कमी' इतकंच म्हटलंय. रोजच्या भेटीला १५ मिनिटांची मर्यादा आहे, पण उभं राहा असं कुठंही लिहिलेलं नाही. ती भेट काम करणाऱ्यांनी आपसांत आजचं काम ठरवण्यासाठी असते, वर हजेरी देण्यासाठी नाही.

तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून तुम्हाला स्क्रमपेक्षा कानबान जास्त उपयोगी पडेल असं वाटतं. टोयोटाच्या कारखान्यातून आलेली पद्धत. बोर्ड तोच, पण प्रत्येक रकान्याला मर्यादा. 'तज्ज्ञांकडे' मध्ये एका वेळी तीनच चिठ्ठ्या. चौथी तिथं सरकवायला बंदी. मग टीमला नवीन पाठ लिहीत सुटता येत नाही. तीनमधली एक मोकळी करणं हेच त्या दिवसाचं काम. कोणीतरी उठून सरांच्या घरी जायचं. तुमचं घोडं कुठं अडलंय ते बोर्ड आधीच सांगतोय, तुम्ही मात्र नवीन चिठ्ठ्या लिहिताय.

खवापोळी

म्हणजे सरांनाच बोर्डाशेजारी खुर्ची टाकून बसवायचं?

फळा_आणि_खडू

खवापोळींनी गंमत केली, पण आम्ही जवळपास तेच करतो.

मी संभाजीनगरला कोर्स डिझाइन करते, सॉफ्टवेअर माझा प्रांत नाही. तज्ज्ञांना पीडीएफ पाठवून "अभिप्राय द्या" म्हटलं की एकतर ती तशीच पडून राहते किंवा लाल शाईनं भरून येते, आणि त्यातला निम्मा लाल रंग शुद्धलेखनाचा असतो. आता दर आठवड्याला त्यांचा ठरलेला एक तास मागून घेतो. समोर बसून पाठ मोठ्यानं वाचायचा आणि तीनच गोष्टी विचारायच्या: यात चुकीचं काय आहे, धोक्याचं काय आहे, सुटलंय काय. शैली, भाषा, चित्रं यावर त्यांचं मत त्या तासात घ्यायचं नाही. माणूस हुशार असला तरी वीस पानांवर सही करायला घाबरतो. समोर दोन पानं असली की भराभर बोलतो.

आता थोडं वेगळं. अजाइल आलं म्हणून आमची जुनी ॲडी पद्धत मोडीत निघाली, असं नवीन मुलं बोलतात. विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन. १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षणासाठी ही मांडणी झाली. ती सरळ रेषेत, एकदाच चालवायची अशी सक्ती नाही. मूल्यमापन करून मागं येणं तिच्यातच आहे. आपण ती कागदावर पाच खोक्यांत काढली आणि खोक्यांना कुलपं लावली. मायकल ॲलन यांची सॅम पद्धत त्याला पर्याय म्हणून आली. तिच्यात सुरुवातीलाच कच्चे नमुने करून दाखवायचे, मग अल्फा, बीटा, गोल्ड अशा कच्च्यापासून पक्क्यापर्यंतच्या फेऱ्या. तुमच्या काम देणाऱ्यांना 'अजाइल' हा शब्दच हवा असेल तर सॅम दाखवा. कोर्सवाल्यांसाठी तेच जास्त शिवून घेतलेलं आहे.

मु_पो_जिंतूर

ताई, सहमत. आमच्याकडे ज्याला वॉटरफॉल (एकामागून एक टप्पे, मागं वळायचं नाही) म्हणून शिव्या घालतात त्याचंही असंच आहे. विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या लेखातल्या आकृतीचं नाव पुढं आलं. पण असं एकाच फेरीत काम करणं जोखमीचं आहे, हे त्यांनी त्याच लेखात लिहून ठेवलंय. आकृती सगळ्यांनी पाहिली, मजकूर थोड्यांनीच वाचला.

गोदाकाठ

मी नांदेडला महाविद्यालयात शिकवतो. मला या सगळ्याबद्दल शंका आहे, स्पष्टच सांगतो.

विद्यार्थ्यावर प्रयोग करायचा का? सॉफ्टवेअरची आवृत्ती कच्ची असली तर ॲप बंद पडतं, परत चालू करता येतं. कच्चा पाठ वाचून एखाद्यानं चुकीचं शिकलं, तर पुढच्या आवृत्तीत ते त्याच्या डोक्यातून कसं काढणार? तो परत येऊन बघणारही नाही.

शिवाय श्रेयांक असलेला कोर्स घ्या. केंद्र सरकारच्या 'स्वयं' या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठाचं उदाहरण: व्हिडिओ, वाचन साहित्य, चर्चा आणि स्वमूल्यमापन असे चार भाग तिथं लागतात. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे विद्यापीठ एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून घेऊ देऊ शकतं. म्हणजे त्यावर पोरांचे गुण अवलंबून आहेत. सत्राच्या मध्यावर "प्रतिसाद आला म्हणून प्रश्नपेढी बदलली" असं केलं तर आधी परीक्षा दिलेल्यांचं काय? अभ्यास मंडळानं मंजूर केलेला घटक शिक्षकानं आपल्या मनानं उडवायचा का? अजाइलच्या नावाखाली आराखडा न करण्याची सोय होते, हे मी जवळून पाहिलंय. "नंतर बघू" या दोन शब्दांना इंग्रजी कोट चढवला, एवढंच.

खवापोळी

सरांनी विकेट काढली.

मास्तर_पाटोद्याचे

गोदाकाठ सर, तुमचं बरोबर हाय, पण अर्धंच. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, बीड जिल्ह्यातला. आमाला दरवर्षी ऑनलाइन प्रशिक्षणं असत्यात. ती सगळी आधी मंजूर झालेली, शिक्का मारलेली. अन् आमी ती कशी करताव सांगू का? मोबाइल टेबलावर ठेवायचा, व्हिडिओ लावायचा, अन् वह्या तपासायला बसायचं. व्हिडिओ संपला की 'पुढे'. प्रश्न आला की ग्रुपवर उत्तर आलेलंच असतंय. प्रमाणपत्र तयार. वर आकडा जातो, शंभर टक्के पूर्ण.

ते बनवणाऱ्यानं एकदा येऊन माझ्या बाजूला बसून बघितलं असतं, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं की काय चाललंय. कोर्स कच्चा दाखवा म्हणजे अख्ख्या राज्याला दाखवा असं कुटं म्हणायलेत हे लोक? चार मास्तरांना दाखवा. शिक्का त्याच्या नंतर मारा.

अजून एक. आमच्याकडं दिवाळी झाली की ऊसतोडीला माणसं जात्यात. निम्मं गाव रिकामं. लेकरं बी जात्यात, आईबाप बी. बचत गटाच्या बायकांसाठीचा कोर्स कोणी नोव्हेंबरात काढला, तर बायका कारखान्याच्या पालावर असणार. तिथं मोबाइल चार्ज करायची मारामार. तुमचा स्प्रिंट दोन आठवड्याचा का तीन, त्यानं काय फरक पडत नाही. शिकणारा कधी घरी असतोय ते आधी बगा.

गोदाकाठ

मास्तर, मंजुरीच्या आधी चार जणांना दाखवायला माझी हरकत नाही. तेवढं मान्य. चालू कोर्समध्ये हात घालायला हरकत आहे.

पांढरं_सोनं

मास्तरांनी मुद्द्याला हात घातला. मी परभणीकडचा, घरी कापूस आणि सोयाबीन, आणि शेतकरी गटांच्या प्रशिक्षणाचं काम करतो. तिफण, तुमचे १२ पाठ एकदम तयार करून एकदम द्यायचे असं ठरलंय का? ठरलं असेल तर तेच पहिल्यांदा मोडा.

शेतकऱ्याला काय कधी लागतं ते बघा. घरचं सोयाबीन बियाणं पेरायचं असेल तर उगवण तपासायची वेळ मे महिन्यात. १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवायचे, मोड मोजायचे. ७० च्या वर आले तर नेहमीच्या मापानं पेरा, कमी आले तर बियाणं वाढवा, फारच कमी असतील तर बदला. हा पाठ एकटाच, बाकीचे ११ नसताना, मे महिन्यात हातात पडला तर त्याची किंमत आहे. ऑगस्टमध्ये पडला तर शून्य. त्याच्यानंतर बीजप्रक्रिया: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू संवर्धक. हा क्रम उलटा झाला तर जिवाणू मरतात, म्हणून प्रश्नात क्रमच लावायला द्या, व्याख्या विचारू नका. मग पेरणी: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय घाई नको. रुंद वरंबा सरी. मग तण, मग कीड. काढणी आणि साठवणुकीचा पाठ सप्टेंबरात आला तरी कोणी तक्रार करणार नाही.

हीच तुमची कामांची यादी आणि हाच तिचा क्रम. बोर्डावर चिठ्ठी लिहिताना 'पाठ २ : बियाण्याची गुणवत्ता' असं लिहू नका. 'गटप्रमुखाला घरच्या बियाण्याची उगवण तपासून पेरायचं की नाही ते ठरवता आलं पाहिजे' असं लिहा. मग पाठ झाला की नाही ते तपासायला डेमो लागत नाही. एका माणसाला गोणपाट द्या आणि बघा.

मृग दोन आठवडे थांबत नाही, एवढं तुमच्या काम देणाऱ्यांना सांगा.

फळा_आणि_खडू

पांढरं सोनं, तुमचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावावा असा आहे. आम्ही वर्गात उद्दिष्टं लिहायला शिकवतो तेव्हा 'समजून घेणे', 'माहिती होणे' ही क्रियापदं खोडून काढतो, ती याचसाठी.

फक्त एक भर. उद्दिष्टं आणि शेवटची परीक्षा या दोन गोष्टी सुरुवातीलाच, सगळ्या १२ पाठांच्या, एका कागदावर पक्क्या करा. त्याला तज्ज्ञांची आणि काम देणाऱ्यांची सही घ्या. आतला पाठ, उदाहरणं, व्हिडिओ की चित्र, लांबी, हे सगळं मोकळं ठेवा. गोदाकाठ सरांची भीती या कागदानं निम्मी कमी होते. आणि तुमच्या सरांनाही 'पूर्ण' काहीतरी एकदा बघायला मिळतं. ते तुकडे नको म्हणतात, कारण अख्खं चित्र दिसल्याशिवाय तुकड्यावर बोलायची त्यांना सवय नसणार.

रेकॉर्डिंग_चालू

व्हिडिओवर कोणीच बोललं नाही म्हणून आलो. माझं कामच ते आहे.

तिफण, तुमचं बिल वाढतंय कारण तुम्ही चुकीच्या टप्प्यावर पक्का माल करताय. पहिली फेरी फोनवर करा. स्लाइड, त्यावर टीममधल्याच कोणाचा तरी आवाज, संपलं. मागं पंखा वाजला तरी वाजू द्या. ते चार-सहा लोकांना दाखवा. अडखळतात तिथं संहिता बदला. परत फोनवरच करा. संहिता कोणी बदलेनाशी झाली की मगच निवेदिकेला बोलवा. क्रम असा: संहिता गोठली की आवाज, आवाज गोठला की चित्र. आवाजाआधी ॲनिमेशन करणं म्हणजे स्वतःच्या हातानं दुप्पट काम. तुमच्या डेमोत ते दाखवलं जातंय, म्हणजे तिथं क्रमच उलटा आहे.

दुसरं, जे दरवर्षी बदलतं ते व्हिडिओत बोलूच नका. वाणांची नावं, औषधांच्या मात्रा, हमीभाव, अनुदान, तारखा हे सगळं खाली मजकुरात ठेवा. सोयाबीनचं वाण एमएयूएस ७१ असेल, १५८ असेल, ६१२ असेल. पुढच्या वर्षी शिफारस बदलली तर मजकुराची एक ओळ बदलायची. व्हिडिओत फक्त हातानं करायची कृती. गोणपाट कसं गुंडाळायचं ते काही पुढच्या वर्षी बदलत नाही.

तिसरं, एका पाठाचा एकच लांब व्हिडिओ करू नका. कृती बदलली की तुकडा तोडा. मग दुरुस्तीच्या वेळी एकच तुकडा परत करावा लागतो.

मु_पो_जिंतूर

लांबीबद्दल एक अभ्यास आहे. फिलिप ग्वो, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा हिशेब मांडला. व्हिडिओ कितीही लांब असो, निम्मे तरी प्रेक्षक साधारण ६ मिनिटांच्या पुढं टिकत नाहीत.

गोदाकाठ

तो अभ्यास मी वाचलाय. ते कोर्स बहुतेक विज्ञान-गणिताचे, इंग्रजीतले. प्रेक्षक स्वतःहून आलेला, सोडून गेला तरी काही बिघडत नसलेला. आपल्या गटप्रमुखाला तो आकडा जसाच्या तसा लावू नका. माझे विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री तासभराची व्याख्यानं दीडपट वेगानं बघतात.

मास्तर_पाटोद्याचे

अन् आमी बघतच नाही. हेही आकडेवारीत धरा.

खवापोळी

अवांतर: निवेदिका कुठली आणताय? मागं एक शेतीचा व्हिडिओ पाहिला. बाई इतकं गोड बोलत होत्या की आमच्या आज्जीला वाटलं बातम्या लागल्यात. तिनं चहा ठेवायला सांगितला आणि बोंडअळीचा विषय निघून गेला.

पांढरं_सोनं

अवांतर नाही हे. आमच्या गटातल्या बायकांनी एका व्हिडिओबद्दल सांगितलं होतं, "ते आपल्यासाठी नाही, शहरातल्यांसाठी आहे." माहिती शंभर टक्के बरोबर होती. नंतर गटातल्याच एका ताईंनी स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या शेतात, गुलाबी बोंडअळीचे पतंग वासानं ओढणारा कामगंध सापळा कसा लावायचा ते दाखवलं. चित्र हलत होतं, वाऱ्याचा आवाज होता. तोच व्हिडिओ ग्रुपवरून ग्रुपवर फिरला. तीन दिवस लागोपाठ सापळ्यात रोज आठच्या वर पतंग आले तर फवारणीचा विचार करायचा, हे त्यांनी बोटावर मोजून दाखवलं, म्हणून ते डोक्यात राहिलं.

रेकॉर्डिंग_चालू

पोटावर पाय आणताय राव. पण खरं आहे. मी आता पक्क्या व्हिडिओतसुद्धा कृतीचा भाग शेतकऱ्याच्याच आवाजात ठेवतो आणि निवेदन जोडण्यापुरतं.

हिशेब_नीट

जालन्याहून. सगळे शिकवण्यावर बोलताय, पैशावर कोणी येईना. तिफण यांचा शेवटचा प्रश्न तोच आहे: काम देणाऱ्याला कसं सांगावं.

करारात काय लिहिलंय ते आधी बघा. १२ पाठ, अमुक तारीख, अमुक रक्कम असा ठोक करार असेल आणि वरून अजाइल म्हणत असतील, तर त्याचा अर्थ एकच: ते कितीही वेळा बदल सांगणार आणि तुम्ही त्याच पैशात करणार. अजाइलमध्ये तारीख आणि माणसं पक्की असतील तर काम कमीजास्त होतं. तिन्ही पक्कं असेल तर त्यात अजाइल काहीच उरलं नाही.

आम्ही आता करारात तीन वाक्यं घालतो. एक, पैसे टप्प्यानं: उद्दिष्टांच्या कागदावर सही झाली की पहिला हप्ता, पहिले तीन पाठ लोकांना दाखवून दुरुस्त झाले की दुसरा, आणि तसंच पुढं. दोन, संहितेत कितीही बदल चालतील, आवाज रेकॉर्ड झाल्यावर एकच फेरी, त्यापुढं वेगळा दर. तीन, नवीन पाठ घालायचा तर तेवढ्याच आकाराचा एक काढायचा, कोणता ते त्यांनी सांगायचं. तिसऱ्या वाक्यावर सगळ्यात जास्त वाद होतो आणि त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. "पीक विम्याचा पाठ पण घ्या" असं म्हणणारा माणूस "मग काय काढू?" म्हटलं की गप्प होतो.

आणि ठरवणारा माणूस एकच हवा. त्यांच्याकडून चार जण चार ईमेल पाठवत असतील तर कुठलीच पद्धत चालणार नाही.

मु_पो_जिंतूर

शेवटच्या ओळीला +१. त्यालाच स्क्रममध्ये प्रॉडक्ट ओनर म्हणतात. तो एक व्यक्ती असतो, समिती नाही, असं मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे.

उदगिरी

उशिरा आले. आम्ही अंगणवाडी सेविकांसाठी एक कोर्स केला होता, त्यातलं तांत्रिक एक सांगते. मूडलवर (ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) कोर्स असेल आणि पाठ स्कॉर्म पॅकेज म्हणून, म्हणजे शिकणाऱ्याची प्रगती नोंदवणाऱ्या ठरावीक साच्यातल्या फाइली म्हणून चढवले असतील, तर मध्येच नवीन पॅकेज टाकताना जपा. आतली रचना बदलली की ज्यांचं निम्मं झालंय त्यांची प्रगती गोंधळते. सेविका ताईंचे फोन सुरू झाले की "माझं झालेलं परत मोकळं दिसायलंय." त्यांना मानधन, अहवाल, सगळ्याचीच धास्ती असते. त्यामुळे गोदाकाठ सरांचा चालू कोर्सला हात न लावण्याचा मुद्दा तांत्रिक कारणानंही खरा आहे. आम्ही शेवटी असं केलं: चालू तुकडीला पाठ तोच, फक्त चूक असेल तर वर ठळक सूचना. सुधारलेला पाठ पुढच्या तुकडीला. तुकड्या लहान ठेवल्या, म्हणजे सुधारणा लवकर पोचते.

मूडलच्या मोबाइल ॲपवर पाठ उतरवून घेऊन नेट नसताना बघता येतो. रेंज नसलेल्या वाड्यांवर त्याचा फार उपयोग झाला. पण व्हिडिओ जड असेल तर ताई तो उतरवतच नाहीत, डेटा जातो म्हणून.

गोदाकाठ

उदगिरी ताई, धन्यवाद. तुकडीगणिक सुधारणा, हे मला पटतं. आम्ही वर्गात तेच करतो की. यंदाच्या वर्गाला जे समजलं नाही ते पुढच्या वर्षी वेगळं शिकवतो. फक्त मात्रा, प्रमाण, विषारी औषधांची काळजी यांत 'पुढच्या तुकडीला' चालणार नाही. तिथं चूक सापडली की त्याच दिवशी पाठ बंद करा.

पांढरं_सोनं

शंभर टक्के. फवारणीचा पाठ कच्चा दाखवूच नका. आधी तज्ज्ञ, मग लोक. बाकी पाठांना उलटं चालेल.

तिफण

सगळ्यांचे आभार. इतकं येईल असं वाटलं नव्हतं. कालच टीम बसली आणि काही ठरवलं.

स्प्रिंटचं नाव ठेवतोय, कारण काम देणाऱ्यांना ते हवंय, पण लांबी सारखी नाही. पेरणीआधीचे चार पाठ आधी, बाकीचे पीक पुढं सरकेल तसे. 'तज्ज्ञांकडे' रकान्यात तीनच चिठ्ठ्या. सरांशी बोललो. फळा ताईंनी सांगितलं तसं उद्दिष्टांचा एक कागद दाखवला, तर ते खुश झाले. म्हणाले, "हे आधी दिलं असतंत तर मी अडवलं नसतं." दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या घरी बसायचं ठरलंय. फवारणी आणि बीजप्रक्रियेचे पाठ त्यांच्या सहीशिवाय बाहेर जाणार नाहीत. स्टुडिओचं पुढचं बुकिंग रद्द केलं, आता सगळं आधी फोनवर.

एक मात्र अडकलंय. रोजच्या मीटिंगला काम देणाऱ्यांचा एक माणूस ऑनलाइन असतो. त्याला बंद करता येत नाही. आणि पोरं त्याच्यासमोर खरं बोलत नाहीत.

मु_पो_जिंतूर

त्याला आठवड्यातून एकदा बोलवा, आणि त्या दिवशी काहीतरी हातात द्या बघायला. फोनवरचा कच्चा पाठ, प्रश्नांची उत्तरं कशी आली त्याचा तक्ता. जो प्रश्न सगळ्यांनी बरोबर सोडवला तो आणि जो सगळ्यांनी चुकवला तो, दोन्ही दाखवा. दाखवायला माल असला की असे लोक रोज डोकावायचं आपोआप कमी करतात. रोजची भेट तुमची तुम्ही चहाच्या टपरीवर घ्या.

हिशेब_नीट

आणि तो आठवड्याचा दिवस करारात घाला. तोंडी ठेवू नका.

मास्तर_पाटोद्याचे

दाखवायला माणसं कुटून आणणार ते ठरलं का? पाच-सहा जण बास झाले, पण सगळे एकाच गावचे अन् सगळे सरपंचाच्या ओळखीचे नकोत. ते गोड बोलत्यात. एक कमी शिकलेला, एक म्हातारा, दोन बाया, एक कृषी सेवा केंद्रातलं पोरगं असं घ्या. अन् त्यांना "आवडलं का" विचारू नका. गोणपाट हातात द्या, गप्प बसा.

खवापोळी

गप्प बसायचा स्प्रिंट आमच्या टीमला जमणार नाही.

तिफण

मास्तर, औसा तालुक्यातली दोन गावं बघितलीत. पण दोन्हीकडं आमची ओळख आहे, तोच प्रश्न.

पांढरं_सोनं

उगवण चाचणीचा कच्चा पाठ मला पाठवा. मानवतला आमचा एक गट आहे, तुम्हाला तिथं कोणी ओळखत नाही. रविवारी बायका बसतात, त्यांच्या फोनवर लावून देतो. कुठं थांबतात ते लिहून कळवतो. फक्त व्हिडिओ हलका करून पाठवा, तिथं रेंज एका खिडकीतच येते.

तिफण

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. उद्या संध्याकाळपर्यंत हलकी फाइल पाठवतो.